सॅव्हानातील वणव्यांचा धूर उपग्रहावरून मोजताना : तीन आकडे जुळले म्हणून ते खरे ठरतात का?

कुरणवाट (धागाकर्ता)

विषुववृत्ताच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत मे महिन्यापासून गवत वाळू लागते आणि पहिला पाऊस पडेपर्यंत, म्हणजे साधारण ऑक्टोबरअखेरपर्यंत, अंगोला, झांबिया, मोझांबिक आणि काँगोचा दक्षिण भाग येथे वणवे चालूच असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात तेच चित्र उत्तरेकडे, सेनेगलपासून दक्षिण सुदानपर्यंतच्या पट्ट्यात दिसते. जगभरात दरसाल जितकी जमीन आगीखाली येते तिच्यापैकी सुमारे सत्तर टक्के एकट्या आफ्रिकेत आहे, आणि तिच्यातही मोठा वाटा सॅव्हानाचा, म्हणजे उंच गवत आणि विरळ झाडे असलेल्या मुलखाचा आहे. आग बहुधा माणसानेच लावलेली असते. गुरांना कोवळा चारा मिळावा, शेत मोकळे व्हावे, घराभोवतीचे गवत पुढे कडक उन्हाच्या दिवसांत पेटू नये, अशी तिची कारणे आहेत. ही प्रथा चांगली की वाईट हा या धाग्याचा विषय नाही. या आगींतून हवेत किती कार्बन मोनॉक्साईड आणि किती सूक्ष्म कण गेले हे उपग्रहाच्या नोंदींवरून कसे काढतात आणि त्या आकड्यांवर कितपत विसंबावे, एवढेच येथे मांडायचे आहे.

सर्वांत जुनी रीत सायलर आणि क्रुट्झेन यांनी १९८० मध्ये दिलेल्या सूत्राची. जळालेले क्षेत्र, दर हेक्टरी असलेले वाळलेले जळण, त्यातला प्रत्यक्ष जळालेला हिस्सा आणि दर किलो जळणामागे निघणारे प्रदूषक, या चारांचा गुणाकार करायचा. उदाहरणापुरते आकडे घेऊ. एक चौरस किलोमीटर कुरण जळाले, हेक्टरी ४ टन गवत व पालापाचोळा होता आणि त्यातला ८० टक्के जळाला, तर ३२० टन जळण खपले. सॅव्हानासाठी दर किलोमागे ६५ ग्रॅम कार्बन मोनॉक्साईड आणि ७ ग्रॅम पीएम २.५ (म्हणजे २.५ मायक्रॉनहून बारीक कण) असे उत्सर्जन गुणांक धरले, तर जवळपास २१ टन कार्बन मोनॉक्साईड आणि सव्वादोन टन सूक्ष्म कण होतात. गुणाकार शाळेतल्या मुलालाही जमेल. चारही आकडे आणायचे कोठून, ही खरी अडचण आहे.

क्षेत्राचेच पाहा. गवत जळून काळी राख उरली की जवळच्या अवरक्त पट्ट्यातले परावर्तन एकदम घसरते, आणि टेरा व अ‍ॅक्वा या उपग्रहांवरील मोडिस या संवेदकाच्या ५०० मीटरच्या चित्रांत ती घसरण शोधून जळीत क्षेत्राचा नकाशा तयार होतो. सॅव्हानात मात्र हा काळा डाग फार दिवस टिकत नाही. वारा राख उडवून नेतो आणि काही आठवड्यांत नवे कोंब वर येतात. शिवाय चार-पाच एकरांची आग ५०० मीटरच्या चौकोनात विरून जाते. सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेचा २०१६ सालचा नकाशा सेंटिनेल-२ या उपग्रहाच्या २० मीटरच्या चित्रांवरून तयार झाला, तेव्हा मोडिसपेक्षा सुमारे ८० टक्के अधिक क्षेत्र जळालेले आढळले. गुणाकारातली पहिलीच संख्या इतकी हलते, आणि दर हेक्टरी जळण तर उपग्रहाला थेट दिसतही नाही. ते पाऊस, वनस्पतींची वाढ आणि गुरांची चराई यांच्या प्रारूपावरून काढावे लागते.

दुसरी रीत क्षेत्र बाजूला ठेवते आणि आगीच्या उष्णतेकडे पाहते. आठशे ते हजार केल्विन तापमानाची ज्वाळा ३ ते ४ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपास सर्वाधिक प्रकाशते, तर तीनशे केल्विनची भोवतालची जमीन १० मायक्रॉनच्या जवळ. त्यामुळे चौरस किलोमीटरच्या पिक्सेलमध्ये आगीने हजारावा हिस्सा व्यापला असला तरी ४ मायक्रॉनच्या वाहिनीत तो पिक्सेल ठळकपणे वेगळा पडतो आणि ११ मायक्रॉनच्या वाहिनीत जवळजवळ पडत नाही. या फरकावरून आग ओळखली जाते, आणि तिची विकिरण-शक्ती, म्हणजेच एफआरपी (उसाच्या एफआरपीशी याचा संबंध नाही), मेगावॉटमध्ये काढली जाते. वूस्टर आणि सहकाऱ्यांनी छोट्या प्रायोगिक आगी तराजूवर पेटवून २००५ मध्ये दाखवले की दर मेगाज्यूल विकिरणामागे साधारण ०.३६८ किलो जळण खपते. म्हणजे १०० मेगावॉटची आग सेकंदाला ३७ किलो आणि तासाला सुमारे १३२ टन जळण फस्त करते. येथे जळणाचे वजन आणि जळण्याचे प्रमाण हे दोन डळमळीत आकडे सूत्रातून गळतात, हे या रीतीचे मोठे आकर्षण.

पण आग चोवीस तास सारखी जळत नाही. आफ्रिकी सॅव्हानात ती दुपारी एक ते तीनच्या दरम्यान शिखरावर असते आणि रात्री जवळपास विझते. टेरा उपग्रह बरीच वर्षे सकाळी साडेदहाच्या सुमारास जात असे, अ‍ॅक्वा दुपारी दीडच्या सुमारास. मधल्या वेळेचा अंदाज बांधावा लागतो. मेटिओसॅट या हवामान-उपग्रहावरचा सेव्हिरी हा संवेदक भूस्थिर असल्याने दर १५ मिनिटांनी पाहतो, पण त्याचा पिक्सेल उपग्रहाच्या थेट खालीच ३ किलोमीटरचा आहे आणि लहान आगी त्याला दिसत नाहीत. एकाची वेळ चुकते, दुसऱ्याची नजर कमी पडते.

तिसरी रीत उलटी आहे. आधी धूर पाहायचा आणि मग तो किती निघाला असेल हे वाऱ्याच्या प्रारूपातून मागे जाऊन काढायचे. टेरावरचा मॉपिट हा संवेदक २००० पासून २०२५ पर्यंत कार्बन मोनॉक्साईडचा हवेतील एकूण स्तंभ मोजत होता, आणि ऑक्टोबर २०१७ मध्ये सोडलेल्या सेंटिनेल-५पी वरील ट्रोपोमी हा संवेदक आता तेच काम ५.५ × ७ किलोमीटरच्या तपशिलात दररोज करतो. कणांसाठी प्रकाशीय जाडी, म्हणजे हवेतील कणांनी किती प्रकाश अडवला हे दाखवणारी एओडी, वापरतात.

हे सगळे सांगण्याचे कारण असे. अनेक अहवालांत तीन-चार उत्सर्जन-सूचींचे (कोठे किती प्रदूषक निघाले याच्या तयार तक्त्यांचे) आकडे शेजारी मांडलेले असतात आणि ते जवळपास आले की त्यावरून विश्वासार्हता ठरवली जाते. जीएफईडी ही सूची मोडिसच्या जळीत क्षेत्रावर उभी आहे. फिन ही मोडिसने टिपलेल्या आगीच्या ठिपक्यांवर. युरोपची जीएफएएस एफआरपीवर चालते खरी, पण एफआरपीवरून जळणाचे वजन काढण्याचे तिचे गुणक जमिनीच्या प्रकारागणिक जीएफईडीशीच ताळा घालून ठरवलेले आहेत. उत्सर्जन गुणांक तर सगळ्यांनी त्याच दोन-तीन संकलनांतून घेतलेले असतात. अशा सूची जुळल्या तर त्यातून नवे काही सिद्ध होत नाही. एकाच वहीवरून उतरवलेली उत्तरे जुळणारच. उलट, जीएफएएसच्या कर्त्यांनीच २०१२ मध्ये आपल्या कणांच्या उत्सर्जनाची तुलना प्रत्यक्ष दिसलेल्या धुराशी केली, तेव्हा ते ३.४ पट वाढवावे अशी शिफारस त्यांना करावी लागली. या ३.४ चा उल्लेख सारांशात क्वचितच येतो, आणि माझ्या मते सबंध विषयातला तो सर्वांत बोलका आकडा आहे.

अर्धविराम

लेख आवडला, पण शेवटच्या परिच्छेदाने गोंधळात टाकले. ज्या पद्धतीचे उत्तर साडेतीन पटींनी चुकते तिला पद्धत तरी कसे म्हणावे? आणि धूर प्रत्यक्ष दिसतो आहे, तर सरळ तिसरी रीतच का वापरत नाहीत? पहिल्या दोन रीती केवळ परंपरा म्हणून चालल्या आहेत का?

कुरणवाट

तिसरी रीत सरळ वाटते, पण तिच्यातही गृहीतके दडलेली आहेत. कार्बन मोनॉक्साईड हवेत महिना-दोन महिने टिकतो. त्यामुळे झांबियावर दिसणाऱ्या स्तंभात कालच्या वणव्याचा, मागच्या आठवड्यात अंगोलाहून फिरून आलेल्या हवेचा, शहरांतल्या कोळशाच्या शेगड्यांचा आणि मिथेनच्या विघटनातून आलेल्या पार्श्वभूमीचा असे सगळेच वाटे असतात. ते वेगळे करण्यासाठी आग कोठे आणि केव्हा लागली हे आधी माहीत असावे लागते, आणि ती माहिती पहिल्या दोन रीतींकडूनच येते.

कणांची गोष्ट आणखी नाजूक आहे. एओडी ही प्रकाश किती अडला याची मोजणी आहे. तिचे वजनात रूपांतर करताना एक ग्रॅम धूर किती चौरस मीटर प्रकाश अडवतो हे धरावे लागते, आणि हा आकडा कणांचा आकार, आर्द्रता आणि धुराचे वय यांप्रमाणे बदलतो. झांबियाच्या पश्चिम भागातील मोंगू येथे एरोनेट जाळ्याचे सूर्यप्रकाशमापक अनेक वर्षे होते. तेथील नोंदींत जुलैचा धूर अधिक काळा, म्हणजे प्रकाश शोषणारा, आणि ऑक्टोबरचा त्या मानाने फिकट असा स्पष्ट कल दिसतो. एकाच हंगामातल्या, एकाच ठिकाणच्या धुराचा स्वभाव असा पालटत असेल तर वर्षभरासाठी एकच गुणक लावणे धोक्याचे आहे.

३.४ पट फरकाचे सगळे खापर एका दुव्यावर फोडता येत नाही. लहान आगी निसटतात; प्रयोगशाळेत किंवा विमानातून घेतलेले गुणांक ताज्या धुराचे असतात, तर उपग्रह काही तास शिळा धूर पाहतो; आणि प्रारूपातील पाऊस व वारा धूर किती लवकर खाली आणतात यातही चूक असू शकते. म्हणून इचोकू आणि कॉफमन यांनी २००५ मध्ये सुचवलेली वाट मला पटते. त्यांनी एफआरपी आणि धुराची प्रकाशीय जाडी यांचा थेट संबंध जोडला आणि मधले जळणाचे वजन व उत्सर्जन गुणांक वगळले. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील वूस्टर यांच्या गटाने पुढे मेटिओसॅटची एफआरपी वापरून अख्ख्या आफ्रिकेसाठी हेच केले. या रीतीतही चूक आहे, पण ती एका ठिकाणी आहे आणि बोट ठेवून दाखवता येते.

लुसाकावासी

मी कामानिमित्त काही वर्षांपासून लुसाकात आहे, म्हणून जमिनीवरून दिसणारी बाजू मांडतो. ऑगस्टपासून येथे क्षितिज तपकिरी होते, आणि सप्टेंबरात सूर्य मावळण्याच्या बऱ्याच आधी डोळे न दिपता त्याच्याकडे पाहता येते. उपग्रहाच्या नकाशावरही तेव्हा एओडी चढलेली असते. पण माझ्या गच्चीवर एक स्वस्त लेझर-सेन्सर आहे, आणि त्याची दिवसभराची रेघ पाहिली तर पीएम २.५ चे शिखर दुपारी कधीच येत नाही. ते येते संध्याकाळी सात ते नऊच्या दरम्यान आणि पुन्हा पहाटे. दुपारी, जेव्हा रानात आगी भरात असतात आणि उपग्रह डोक्यावरून जातो, तेव्हा जमिनीवरची हवा त्या मानाने बरी असते.

कारण उघड आहे. कोरड्या ऋतूतल्या तापलेल्या दुपारी हवेचा मिसळणारा थर तीन-चार किलोमीटर वर चढतो आणि धूर त्यात पातळ होतो. रात्री जमीन निवली की तोच थर शेकडो मीटरांवर येतो आणि त्यात घरोघरच्या म्बाउला, म्हणजे कोळशाच्या पत्र्याच्या शेगड्या, पेटतात. २०२४ च्या दुष्काळात करिबा धरणातले पाणी तळाला गेल्याने वीज दिवसातले बहुतेक तास नसे, तेव्हा ज्यांच्याकडे विजेच्या शेगड्या होत्या तेही कोळशावर आले. त्या वर्षी संध्याकाळचे शिखर अधिक उंच होते. अशा वेळी एओडीवरून लुसाकाचा पीएम २.५ काढून तो वणव्यांच्या नावावर टाकला, तर रानाच्या माथी शहराचेही पाप जाईल.

एक प्रश्न आहे. त्याच दुष्काळात गवतही कमी वाढले असणार. मग जळण कमी, म्हणून धूर कमी, असे धरावे का?

कुरणवाट

शेगडीचा मुद्दा रास्त आहे आणि म्हणूनच शहरासाठी स्तंभ-मोजणी एकटी पुरत नाही.

दुष्काळाबद्दल : कोरड्या सॅव्हानात, उदाहरणार्थ बोट्स्वाना किंवा नामिबियाच्या उत्तर भागात, आग जळणावर अडलेली असते, चांगल्या पावसानंतरच्या वर्षी तेथे अधिक जळते आणि दुष्काळानंतर कमी. झांबियाच्या उत्तरेस आणि काँगोकडे जळण दरवर्षीच भरपूर असते, तेथे प्रश्न ते किती वाळले हा असतो, म्हणून दुष्काळात आग वाढू शकते. लुसाका या दोहोंच्या मध्ये कोठेतरी पडते, आणि त्याच्यावर येणारा धूर दोन्हीकडचा असतो. तेव्हा एका वाक्यात उत्तर देता येणार नाही.

उंचीबद्दल आणखी एक. दक्षिण गोलार्धातील हिवाळ्याच्या शेवटी पूर्वेकडचे वारे हा धूर अंगोलाच्या किनाऱ्यावरून अटलांटिकवर नेतात आणि तेथे तो खालच्या ढगांच्या पांढऱ्या चादरीच्या वर तरंगतो. नासाच्या ओरॅकल्स मोहिमेने २०१६ मध्ये नामिबियातील वॉल्विस बे येथून आणि २०१७ व २०१८ मध्ये साओ टोमेहून विमाने पाठवून याच थराचे नमुने घेतले. समुद्रावरची ती प्रकाशीय जाडी पाहून खालची हवा गढूळ असेल असे कोणी मानले तर फसगत होईल.

शेषफरक

संख्याशास्त्राच्या बाजूने थोडी भर घालतो. पहिल्या रीतीत चार संख्यांचा गुणाकार आहे. समजा क्षेत्रात २०, जळणात ४०, जळण्याच्या प्रमाणात १५ आणि उत्सर्जन गुणांकात ३० टक्के अनिश्चितता धरली (आकडे केवळ हिशेबासाठी), आणि चारही एकमेकांपासून स्वतंत्र मानले, तर वर्गांच्या बेरजेचे वर्गमूळ काढून एकूण अनिश्चितता सुमारे ५६ टक्के येते. बहुतेक तक्त्यांत अशीच पट्टी छापलेली असते. माझा आक्षेप स्वतंत्र या शब्दावर आहे.

हंगामाच्या सुरुवातीला गवत अर्धवट ओले असते. त्यामुळे आग तुकड्यातुकड्यांनी पसरते, म्हणून क्षेत्र चुकते. त्याच ओलाव्यामुळे जळण्याचे प्रमाण घटते. त्याच ओलाव्यामुळे ज्वाळेपेक्षा धुमसणे वाढून दर किलोमागचा कार्बन मोनॉक्साईडही बदलू शकतो. तीन चुका एका कारणाने एकाच वेळी होतात आणि त्यांचे वर्ग बेरजेत घेऊन भागत नाही. त्या एकमेकींना वाढवतात किंवा काटतात, आणि कोणत्या दिशेने हे महिन्यागणिक बदलते. हजार पिक्सेलांची सरासरी घेतली म्हणून ही चूक कमी होत नाही, कारण हजारही पिक्सेलांत तीच चूक आहे. त्यामुळे वार्षिक बेरीज बरी निघूनही मे आणि सप्टेंबरचे आकडे दोन्ही चुकीचे असू शकतात. आरोग्यावरील परिणामाचा अभ्यास करणाऱ्याला वार्षिक बेरीज घेऊन काय करायचे आहे? त्याला त्या आठवड्याचा धूर हवा असतो.

डार्विनकर

शेषफरक यांनी सुरुवातीच्या हंगामाचा विषय काढला म्हणून उत्तर ऑस्ट्रेलियाचे सांगतो, कारण येथे या प्रश्नावर पैसे लागलेले आहेत. पश्चिम आर्नेम लँडमध्ये सुमारे २८,००० चौरस किलोमीटरवर आदिवासी रेंजर २००६ पासून कोरड्या ऋतूच्या आरंभी, गवत पुरते वाळण्याआधी, ठरवून छोट्या आगी लावतात, म्हणजे पुढे मोठे वणवे पसरत नाहीत. डार्विनच्या द्रवरूप नैसर्गिक वायू प्रकल्पाशी झालेल्या करारात याबद्दल वर्षाला एक लाख टन कार्बन डायऑक्साईड-समतुल्य घट अपेक्षित धरली होती. पुढे ही रीत देशाच्या कार्बन-श्रेय व्यवस्थेत आली. नियमांत १ ऑगस्टपूर्वीची आग सुरुवातीच्या हंगामाची आणि नंतरची उत्तर, म्हणजे शेवटच्या, हंगामाची.

येथे मोजणी कशी होते ते पाहण्यासारखे आहे. मोडिसच्या २५० मीटरच्या चित्रांवरून जळालेल्या भूभागाचे नकाशे निघतात, पण तो पिक्सेल जळाला म्हटले तरी आतले सगळे जळालेले नसते. सकाळच्या दवात लावलेली आग ओढ्याकाठी, खडकाळीत, सावलीत आपोआप विझते. म्हणून शास्त्रज्ञांनी पायी चालून जळालेल्या आणि वाचलेल्या पावलांची नोंद केली आणि तिच्यावरून गुणक ठरवला : जास्त पावसाच्या पट्ट्यात सुरुवातीच्या हंगामासाठी सुमारे ०.७ आणि उत्तर हंगामासाठी ०.९ च्या जवळ. एवढ्या एका गुणकाने हिशेबात मोठा फरक पडतो, आणि जागतिक सूचींत तो असा हंगामवार सहसा नसतो. गंमत अशी की शेषफरक यांना कार्बन मोनॉक्साईडबाबत ज्या बदलाची भीती वाटते, तसा हंगामानुसार फारसा फरक येथील प्रत्यक्ष मोजणीत मिथेनच्या उत्सर्जन गुणांकात आढळला नाही. खरी घट कमी जळण खपल्यामुळे होते.

मात्र या हिशेबात मिथेन आणि नायट्रस ऑक्साईड हेच मोजतात; कार्बन डायऑक्साईड पुढच्या पावसात गवत परत घेईल असे धरून सोडून देतात आणि पीएम २.५ तर विषयातच नाही. डार्विनच्या रहिवाशांना जून-जुलैमध्ये मिळणारा धूर या वहीत कोठेच चढत नाही. हवामानाच्या हिशेबात जी आग जमेची, ती फुप्फुसांच्या हिशेबात खर्चाची असू शकते, आणि दोन्ही खाती वेगवेगळ्या खात्यांकडे असल्याने कोणी त्यांची बेरीज मांडत नाही.

तेंदूपान

मेळघाट आणि गडचिरोलीकडे फेब्रुवारी ते मे या काळात जे वणवे लागतात त्यांना हीच रीत लावता येईल का? मोहफुले वेचायला झाडाखालची जमीन स्वच्छ हवी म्हणून आणि तेंदूला नवी पालवी यावी म्हणून लोक पाला पेटवतात, हे सर्वांना ठाऊक आहे. भारतीय वन सर्वेक्षणाचे जे इशारे वनरक्षकांच्या फोनवर येतात ते याच उपग्रहांचे ना?

कुरणवाट

होय, ते इशारे मोडिस आणि सुओमी-एनपीपी उपग्रहावरील व्हिअर्स यांच्या ठिपक्यांवरूनच निघतात. ठिपका म्हणून ते उपयोगी आहेत. धुराचा हिशेब मात्र जपून करावा लागेल. आपल्या पानगळीच्या रानात आग जमिनीवरच्या पाल्यातून सरपटत जाते आणि वर फांद्या असतात. पाने गळलेली असली तरी त्या फांद्या काही उष्णता अडवतात, म्हणून एफआरपी कमी दिसते. झांबियाच्या मिओम्बो रानातही हीच तक्रार आहे.

दुसरे, या रानाला नकाशात कोणते नाव मिळते यावर उत्तर ठरते. आकागी व सहकाऱ्यांच्या २०११ च्या संकलनात दर किलोमागे कार्बन मोनॉक्साईड सॅव्हानासाठी ६३ ग्रॅम आणि उष्णकटिबंधीय जंगलासाठी ९३ ग्रॅम आहे. एकही झाड न बदलता, केवळ रकाना बदलल्याने, आकडा जवळपास दीडपट होतो. दख्खनच्या पठारावरील विरळ झाडांच्या मुलखाला उजाड झालेले जंगल म्हणावे की मूळचाच सॅव्हाना मानावे, याबद्दल वनस्पतिशास्त्रज्ञांत वाद चालू आहे, आणि त्याचा निकाल काहीही लागला तरी तो या गुणाकारात शिरणार आहे.

उलटतपासणी

मूळ लेखावर एक हरकत. लहान आगी मोडिसला दिसत नाहीत असे आपण म्हणता. मग सायन्स नियतकालिकात २०१७ मध्ये आलेला तो प्रसिद्ध निष्कर्ष, की १९९८ ते २०१५ या काळात जगातले जळीत क्षेत्र सुमारे २४ टक्क्यांनी घटले आणि ही घट मुख्यतः सॅव्हानात शेती वाढल्यामुळे झाली, त्याचे काय? शेते वाढली की कुरणांचे तुकडे होतात आणि आगी लहान होतात. म्हणजे आगी कमी झाल्या नसून केवळ डोळ्याआड गेल्या, असेही म्हणता येईल. तुमच्याच तर्काने ती घट संशयास्पद ठरते.

कुरणवाट

हरकत योग्य आहे आणि तिचे उत्तर जळीत क्षेत्राच्या आणखी एका नकाशाने मिळणार नाही. जीएफईडीच्या पाचव्या आवृत्तीत लहान आगींची भर घातल्यावर जगाचे वार्षिक जळीत क्षेत्र सुमारे ७७.४ कोटी हेक्टर झाले, मोडिसच्या नेहमीच्या नकाशाच्या दीडपटीहून अधिक; पण ही भरही शेवटी ठिपक्यांच्या आणि काही निवडक तपशीलवार चित्रांच्या आधाराने घातलेली आहे.

येथे वेगळ्या जातीचा साक्षीदार हवा, आणि सुदैवाने तो आहे. ऑरा उपग्रहावरील ओएमआय हा संवेदक नायट्रोजन डायऑक्साईड मोजतो. तो ना राख पाहतो ना ज्वाळा, आणि हा वायू हवेत काही तासच टिकत असल्याने बाहेरून वाहून आलेल्या जुन्या धुराची भेसळ कमी असते. उत्तर विषुववृत्तीय आफ्रिकेवर कोरड्या ऋतूत २००५ ते २०१७ या काळात त्याचे प्रमाण सुमारे ४.५ टक्क्यांनी घटल्याचे दिसले, आणि तेही त्या देशांत वाहने व कारखाने वाढत असताना. म्हणून घट खरी आहे असे मी मानतो. ती २४ टक्के आहे की तुमच्या आक्षेपामुळे त्याहून कमी, हे मात्र ओएमआय सांगू शकत नाही, कारण नायट्रोजन ऑक्साईड लहान आगीतून किती आणि मोठीतून किती निघते हे प्रमाणही सारखे नसते. स्वतंत्र साक्षीदार म्हणतात ते याला. जीएफईडी आणि जीएफएएस जुळल्याने एवढेही कळले नसते.

अर्धविराम

चर्चा वाचून धीर आला, म्हणून विचारतो. पदव्युत्तर प्रकल्पासाठी मला आफ्रिकेच्या दक्षिण भागातील सॅव्हानातील धुराचा वीस वर्षांचा कल काढायचा आहे. मोडिसची मालिका सलग आहे, तीच वापरू का?

कुरणवाट

२००३ ते २०२० पर्यंत निःशंक वापरा. त्यापुढे जपून. टेराची कक्षा २०२० पासून ठरलेल्या वेळेला धरून ठेवणे थांबले आणि ऑक्टोबर २०२२ पर्यंत त्याची वेळ सव्वादहावर आली; ती आणखी लवकरच्या दिशेने सरकत राहिली. अ‍ॅक्वा उलट दिशेने, दीडच्या पुढे सरकतो आहे. ज्या मुलखात सकाळी दहा ते दुपारी दोन या वेळात आगीची शक्ती कित्येक पटींनी वाढते, तेथे पंधरा-वीस मिनिटांच्या फरकानेही ठिपक्यांची संख्या बदलते, आणि घड्याळातली ही सरक तुमच्या आलेखात आगीची घट किंवा वाढ म्हणून उमटेल.

त्याऐवजी व्हिअर्सची ३७५ मीटरची मालिका २०१२ पासून वेगळी चालवा. ती मोडिसला थेट जोडू नका. त्या संवेदकाला कितीतरी लहान आगी दिसतात, त्यामुळे सांधा लावलेल्या जागी उडी दिसेल. २०१२ ते २०२० ही दोहोंची सामाईक वर्षे आहेत. त्या काळात महिन्यागणिक आणि देशागणिक दोहोंचे गुणोत्तर काढून पाहा. मे-जून आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचे गुणोत्तर वेगळे आले तर आश्चर्य वाटू देऊ नका, शेषफरक यांनी सांगितलेला ओलावा तेथेच सापडेल. ताळ्यासाठी कार्बन मोनॉक्साईडचा मॉपिट घ्या, म्हणजे निदान एक आकडा तरी आगीच्या ठिपक्यांवर अवलंबून नसलेला राहील. मॉपिटही टेरावरच बसलेला होता, पण त्याला आगीचे शिखर गाठायचे नसल्याने वेळेच्या सरकण्याचा त्रास बराच कमी होतो. गुणोत्तराचा तक्ता तयार झाला की येथेच टाका, मोंगूच्या जुन्या नोंदींशी लावून पाहू.